शेळी-मेंढीपालकांना कोणतं प्रशिक्षण हवं, ते कसं शोधायचं आणि कसं द्यायचं

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या आसपास भरल्या आणि मेंढ्या २७ लाखांच्या घरात. ही जनावरं सांभाळणारी माणसं बहुतेक करून आई-वडिलांच्या मागे रानात हिंडत शिकलेली आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षणं होत नाहीत असं नाही. कृषी विज्ञान केंद्रं घेतात, पशुसंवर्धन विभाग घेतो, बँकांच्या आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) मोफत निवासी वर्ग घेतात, आणि फी आकारून शेळीफार्म दाखवणारे खासगी वर्गही गल्लोगल्ली झालेत. वेळापत्रक मात्र सगळीकडे एकाच साच्यातलं: सकाळी जाती, मग गोठा, मग आहार, जेवण, दुपारी रोग आणि शेवटी योजना. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के भांडवली अनुदानासाठी अर्ज करताना प्रशिक्षण किंवा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे समोर बसलेल्यांपैकी काही जणांचं लक्ष फक्त प्रमाणपत्राकडे असतं. चार शेळ्या असलेली बाई त्या खुर्च्यांवर क्वचितच दिसते.

हा लेख पशुसखी (गावातच जनावरांची प्राथमिक सेवा देणाऱ्या प्रशिक्षित बायका), शेतकरी कंपन्यांचे कार्यकर्ते, कृषी विज्ञान केंद्रातले आणि स्थानिक संस्थांमधले लोक, म्हणजे गावात प्रशिक्षण ठरवणाऱ्यांसाठी आहे. माझा आग्रह एकच आहे. वेळापत्रक लिहायच्या आधी गोठ्यात जाऊन तूट मोजा, आणि त्यातली किती तूट शिकवून भरून निघणार आहे ते पाहा. बरीचशी निघत नाही. तिथे दुसरं काहीतरी करावं लागतं.

पहिली पायरी: कोणासाठी, हे आधी वेगळं करा

"शेळी-मेंढीपालक" या एका नावाखाली निदान चार तऱ्हेचे लोक येतात, आणि एकाची गरज दुसऱ्याला लागू पडत नाही.

भूमिहीन किंवा अल्पभूधारक घरातली तीन-चार शेळ्यांची मालकीण. शेळ्या बांधावर, गायरानात चरतात. बाई मजुरीला जाते. तिचं नुकसान बहुतेक करडांच्या मरतुकीत आणि अडीनडीला पडत्या भावात केलेल्या विक्रीत असतं. मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा हवाबंद मुरवून साठवण्याचं, सत्र तिच्यापुढे घेणं म्हणजे तिची एका दिवसाची मजुरी बुडवणं.

दहा ते वीस शेळ्यांचा शेतकरी. याच्याकडे थोडी जमीन, थोडं पाणी आणि मका किंवा कडवळ असतं. पैदाशीचा बोकड, चाऱ्याचं नियोजन, नोंदी आणि वजनावर विक्री हे विषय याला खरे उपयोगी. नव्या पद्धती सगळ्यांत लवकर उचलतो तो हाच.

बंदिस्त शेळीपालनात उतरलेला तरुण. अनेकदा शहरातली नोकरी सोडून किंवा सांभाळून आलेला, यूट्यूबवर सगळं पाहिलेला. माहिती भरपूर, हाताला सवय नाही. त्याला पत्र्याच्या शेडचा आराखडा हवा असतो. गरज असते ती शेळी वितानाची एक रात्र गोठ्यात काढायची आणि चाऱ्याचा खर्च कागदावर मांडायची. १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा प्रकल्प एकदम भरण्याऐवजी आधी दहा शेळ्यांवर एक वर्ष काढ, हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं.

चौथा, स्थलांतर करणारा मेंढपाळ. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, पारनेर भागातले धनगर दिवाळीनंतर वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. जानेवारीत त्यांच्या गावात ठेवलेल्या प्रशिक्षणाला म्हाताऱ्यांशिवाय कोण येणार? शिवाय वाड्यावर कामं वाटलेली असतात. पुरुष मेंढरं चारतात. कोकरं, आजारी जनावर आणि बिऱ्हाड बायका सांभाळतात. कोकरांच्या संगोपनाचं सत्र फक्त पुरुषांपुढे घेतलं तर ते चुकीच्या माणसाला शिकवणं झालं.

गावातल्या यादीवर या चार खुणा करून घ्या. साठ घरं असतील तर वीस-पंचवीस घरं निवडा, पण प्रत्येक तऱ्हेतली थोडी येतील असं पाहा. सरपंचाने सुचवलेली पहिली दहा घरं घेतलीत तर चारही तऱ्हा येणार नाहीत.

दुसरी पायरी: गेल्या पोळ्यापासून या पोळ्यापर्यंत

"तुम्हाला कोणतं प्रशिक्षण पाहिजे?" असा थेट प्रश्न विचारू नका. उत्तर बहुधा "कर्ज कसं मिळतं ते सांगा" असं येतं, नाहीतर मागच्या प्रशिक्षणात जे ऐकलं तेच परत ऐकू येतं. त्याऐवजी वर्षाचा हिशेब काढा. तारखा कोणाच्या लक्षात नसतात, सण असतात. पोळा, दिवाळी, संक्रांत, पाडवा, आखाड असे टप्पे धरून विचारलं की एकेक शेळी आठवत जाते. प्रत्येक घरी निदान एवढं टिपा:

– पोळ्याला किती जनावरं होती, आज किती आहेत
– वर्षात किती शेळ्या व्याल्या, किती करडं झाली, जुळी किती
– किती दगावली, कोणत्या वयाची, कोणत्या महिन्यात, मरण्याआधी काय दिसलं
– एकाच शेळीच्या दोन वेतांत अंतर किती पडलं
– बोकड कोणाचा, कुठून आणला, किती वर्षं तोच आहे
– किती विकली, कोणत्या वयाची, कशासाठी आणि कोणाला

यात वेताचं अंतर फार बोलकं असतं. शेळी साधारण १५० दिवस गाभण असते. विल्यानंतर तीनेक महिन्यांत ती पुन्हा फळली तर आठ महिन्यांनी पुढचं वेत येतं, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. तुमच्या नोंदीत अंतर वर्षाचं निघत असेल तर आधी ओळखावं लागेल की खुराक कमी पडतोय, माज लक्षात येत नाही की बोकडच जवळ नाही. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

मरतुकीचा आकडा पैशांत मांडा. समजा, दहा शेळ्यांना वर्षात पंधरा करडं झाली आणि पाच गेली. तीन महिन्यांच्या करडाला तुमच्या बाजारात जो भाव मिळतो त्याने पाचाला गुणा आणि तो आकडा घरधनिणीसमोर ठेवा. जी बाई "आमच्याकडे काही अडचण नाही, चार-दोन मरतातच" असं म्हणत होती ती इथे थांबून विचार करते. आणि प्रशिक्षणाला यायचं कारण तिला मिळतं.

हिशेबाबरोबर डोळेही वापरा. गोठ्यात पाय ठेवताच डोळ्यांत अमोनिया झोंबतो का? करडं ओल्या जमिनीवर बसलीत का? पाण्याचं भांडं शेवटचं कधी घासलं असेल? खाद्य जमिनीवर टाकतात की गव्हाण आहे? घरात जंतनाशकाची बाटली असेल तर ती पाहायला मागा; कोणतं औषध, किती पाजतात आणि तो अंदाज कशावरून घेतात, हे पाच मिनिटांत कळतं.

तिसरी पायरी: विषयांना गुण द्या

आता हातात बरंच काही जमलेलं असतं. त्यातून क्रम लावण्यासाठी विस्तारशिक्षणात रुळलेली एक सोपी रीत आहे. प्रत्येक कामाला दोन गुण द्यायचे, १ ते ५ मध्ये: हे काम या कळपासाठी किती महत्त्वाचं आणि सध्या त्यांना ते किती जमतं. महत्त्वातून जमणं वजा करा आणि उत्तराला महत्त्वाने गुणा.

नवजात करडाची काळजी: महत्त्व ५, जमतं २. फरक ३, गुणिले ५, म्हणजे १५. अझोला (पाण्यावर वाढवायची चाऱ्याची वनस्पती) तयार करणं: महत्त्व २, जमतं १. फरक १, गुणिले २, म्हणजे २. "जमत नाही" एवढ्यावरून विषय निवडले असते तर अझोला वर आला असता. तसा तो अनेक ठिकाणी आलेला आहेच. पाणी टँकरने येतं त्या गावातही अझोल्याचे खड्डे खणलेले दिसतात आणि एप्रिलपर्यंत ते कोरडे पडलेले असतात.

महत्त्वाचे गुण पालकांच्या गटाकडून घ्या आणि शेजारी पशुवैद्यकाचेही मांडा. दोघांत मोठा फरक दिसला तर तो लपवू नका, त्यावर गटात बोला. "जमतं किती" हे मात्र विचारून ठरवू नका, करून घ्या. औषध पाजून दाखवा, वय दातांवरून सांगा, वजनाचा अंदाज करा आणि मग काट्यावर लावू. अंदाज आणि काटा यांतला फरक पाहून लोक हसतात आणि लगेच दुसरी शेळी ओढून आणतात. शिकणं तिथेच सुरू झालेलं असतं.

घरांची बेरीज गटवार करा. चारही तऱ्हांची एकत्र सरासरी काढली तर जे निघेल ते कोणाच्याच कामाचं नसेल.

चौथी पायरी: शिकवून सुटेल का ते तपासा

वरच्या पाच-सहा विषयांना प्रत्येकी एक प्रश्न लावा. अडचण माहितीची आहे, हाताच्या सवयीची आहे, की सोयीची? ही पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि मग "लोकांनी तंत्रज्ञान स्वीकारलं नाही" असा शेरा अहवालात येतो.

पीपीआरची लस घ्या. गावात ज्याला नुसतं मरी म्हणतात त्यात हा रोग बऱ्याचदा असतो: ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण आणि बघता बघता अर्धा कळप आडवा. लस चांगली आहे. तीन-चार महिन्यांच्या वरच्या करडांना एकदा टोचली की साधारण तीन वर्षं संरक्षण मिळतं. मग चार शेळ्यांची बाई लस का टोचत नाही? कारण एका कुपीत अनेक जनावरांच्या मात्रा असतात, लस बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावण केलं की तासा-दोन तासांत संपवावी लागते. तिला लसीचं महत्त्व आणखी दोनदा सांगून काहीही होणार नाही. गरज आहे ती वस्तीवरच्या सगळ्या शेळ्या एका सकाळी एका जागी आणण्याची आणि पशुवैद्यकीय दवाखान्याशी तारीख ठरवण्याची. प्रशिक्षण द्यायचंच तर पशुसखीला द्या: यादी करणं, बर्फाची पेटी सांभाळणं, कुपी फोडल्याची वेळ लिहिणं.

कृत्रिम रेतनाचंही असंच. शेळीत गोठित रेतमात्रा वापरता येते, पण माज ओळखून साधारण बारा तासांच्या सुमारास माणूस आणि नत्राचं भांडं दोन्ही दारात हवीत. शेळ्या गायरानात आणि मोकाट बोकड त्यांच्याबरोबर असतील तर रेतनाचं सत्र बोलण्यापुरतंच राहतं. तिथे आधीचं पाऊल साधं आहे. गावातले निकस बोकड दोन-तीन महिन्यांचे असतानाच खच्ची करा आणि पंचवीस शेळ्यांमागे एक निवडक बोकड ठेवा. मराठवाड्यात उस्मानाबादी, नाशिक-नगर पट्ट्यात संगमनेरी, विदर्भात बेरारी, सिंधुदुर्गात कोकण कन्याळ अशी स्थानिक जात आपापल्या हवेला टिकलेली आहे. त्यातलाच, जुळ्यातला आणि दुधाळ शेळीचा बोकड आणा. बाहेरच्या वजनदार जातींच्या मोहात पडायच्या आधी एवढं तरी करून पाहावं, असं माझं मत आहे.

मुरघास मात्र खरोखर सवयीचा विषय आहे. मका कणसात चीक भरलेला असताना कापायचा, बारीक कुट्टी करायची, पिशवीत किंवा पिंपात तुडवून तुडवून हवा काढायची आणि निदान ४५ दिवस उघडायचं नाही. हे ऐकून कळतं, पण "दाबलं" म्हणजे किती दाबलं हे स्वतः पिशवीवर उभं राहिल्याशिवाय समजत नाही. एक पिशवी गटाने भरायची आणि उघडायच्या दिवशी पुन्हा जमायचं, अशी दोन भेटींचीच आखणी करा.

पाचवी पायरी: विषय ठरले, आता काय शिकवायचं

करडं आणि कोकरं. सर्वेक्षणात हा विषय जवळजवळ नेहमी वर येतो. सत्र लहान असावं, पण व्यालेल्या शेळीपाशी. विल्यावर नाक-तोंड पुसून श्वास मोकळा करणं, नाळ स्वच्छ दोऱ्याने बांधून पात्याने कापणं आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवणं, मग चीक, म्हणजे विल्यानंतरचं पहिलं दाट दूध. वार (गर्भाची झार) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे आणि करडं जाण्याचं ते मोठं कारण आहे. पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक पोटात जायला हवा. दिवसभरात वजनाच्या एक दशांश, म्हणजे दोन किलोच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळांत विभागून. आजी समोर असेल तर तिच्याशी वाद घालू नका. या खेपेला एका जुळ्यातल्या दोन्ही करडांना लगेच पाजू आणि वार कधी पडते ते पाहू, असं म्हणा. करडू ओढायला लागलं की वार पडायला मदतच होते, हे तिलाही दिसेल.

याच सत्रात गाभण शेळी घ्या. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. त्या काळात रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा आणि थोडं खनिज मिश्रण मिळालं तर करडू वजनदार निघतं आणि आईला दूधही राहतं. जुळी देणाऱ्या मेंढ्यांच्या बाबतीत तर हे टाळताच येत नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनी मेंढीत आणून सुवर्णा ही मेंढी तयार केली. जनुकाची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण चांगलंच वाढतं. पण दुसरं कोकरू जगवायला दूध लागतं, चालत्या वाड्यावर दोन कोकरं उचलायला हात लागतात. सुवर्णाचा नर देताना हे सत्र सोबत दिलं नाही तर जास्तीची कोकरं जन्मतील आणि मरतील.

जंतनाशक. इथे लोकांना "पाजा" सांगायची गरज उरलेली नाही. पाजतात, आणि जास्त वेळा पाजतात. अडचण आहे ती अंदाजपंचे मात्रेची आणि वर्षानुवर्षं एकच औषध वापरण्याची. मात्रा कमी पडली की जंत मरत नाहीत, त्या औषधाला सरावतात. म्हणून शिकवायचं ते असं: लटकता काटा आणि पोत्याची झोळी करून वजन घ्या, कळपाला एकच मात्रा द्यायची झाली तर सगळ्यांत जड जनावराच्या वजनावर ठरवा. मेंढीची मात्रा शेळीला पुरतेच असं नाही. काही औषधांत शेळीला जास्त लागते, म्हणून ती पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत अल्बेंडाझोल टाळा. आणि पाजताना मान फार वर करू नका, औषध फुप्फुसात गेलं तर जंतांआधी शेळीच जाते.

कोणाला पाजायचं हे डोळ्यांच्या पापणीवरून ठरवायची एक पद्धत दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी तयार झाली आणि आता जगभर वापरतात. खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग पाहायचा. लाल-गुलाबी असेल तर सोडून द्या. फिकट किंवा पांढरी असेल तर रक्त शोषणाऱ्या जंतांचा संशय घ्या आणि औषध द्या. रंगाचं कार्ड हातात असावं, आठवणीवर विसंबू नये. पशुसखीला हे अर्ध्या दिवसात येतं. सोबत दोन-चार लेंड्या स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात तपासायला देण्याची सवय लावा. दलदलीत, तळ्याकाठी चरणाऱ्या कळपात यकृतातल्या चपट्या कृमीचं औषध वेगळं असतं, हेही तिथेच कळेल.

आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंच्या विषाने होणारा रोग. लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात किंवा जूनच्या सुरुवातीला. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा आणि मग दरवर्षी. पण लसीइतकंच चाऱ्याचं बोला. पहिल्या पावसानंतरचं कोवळं लुसलुशीत गवत किंवा हाती लागलेलं धान्य भरपेट खाल्लं की धडधाकट करडू सकाळी मेलेलं सापडतं. सकाळी थोडा वाळला चारा खाऊ घालून मगच सोडायचं, एवढी सवय पुरते. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं. ते त्यांच्याच तोंडून नव्या पोरांना ऐकवा.

आहार. तीस किलोच्या शेळीला दिवसाला एक ते सव्वा किलो शुष्क पदार्थ (चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते) हवेत. तीन किलो हिरवा, अर्धा किलो वाळला आणि २०० ग्रॅम भरडा दिला की साधारण तेवढं भरतं. सत्रात हे फळ्यावर लिहू नका. काट्यावर तीन किलो शेवरीचा पाला मोजून ढीग समोर ठेवा आणि त्याला शंभराने गुणायला सांगा. बंदिस्तवाल्या तरुणाला शेडपेक्षा जमीन किती लागेल हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा पडतो. सुबाभूळ चांगली, पण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशाच्या वर नको.

मेंढपाळांसाठी औषधपेटी. इंजेक्शन कसं द्यायचं हे वाड्यावरच्या माणसाला शिकवायला जाऊ नका, त्याचा हात तुमच्यापेक्षा सराईत असतो. कोणत्या आजारात कोणतं औषध निरुपयोगी आहे, मात्रा अर्धी सोडली तर काय होतं, वेष्टनावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय जनावर कत्तलीला का विकू नये आणि १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरता दवाखाना कसा मागवायचा, हे त्याला हवं आहे. खुरांच्या जखमा आणि अवकाळी पावसानंतरचा न्यूमोनिया हे दोन विषय त्याच्याकडे नक्की धरा. नर बदलण्याचंही बोला. आपल्याच कळपात जन्मलेला मेंढा वर्षानुवर्षं फिरवला की कोकरं बारीक होत जातात. वाडा परतल्यावर दोन मेंढपाळांनी दर दोन वर्षांनी नरांची अदलाबदल केली तरी काम होतं आणि खर्च शून्य.

विक्री. लोणंद, आटपाडी, सांगोल्याच्या बाजारात अजून नजरेवर आणि रुमालाखाली बोटं धरून सौदे होतात. व्यापारी रोज शंभर जनावरं उचलून पाहतो, पालक वर्षातून पाच विकतो. अंदाजात कोण जिंकणार हे उघड आहे. घरून वजन करून निघणं आणि जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण पडतं या हिशेबाने किमान भाव काढून ठेवणं, हे तासाभरात शिकवता येतं. बकरी ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो. म्हणून पुढच्या ईदेसाठी बोकड कोणत्या महिन्यात जन्मलेला हवा हे कॅलेंडर घेऊन मागे मोजत जा.

सहावी पायरी: कधी, कुठे, कोण

पशुपालकांच्या दिवसाला जुळेल अशी वेळ धरा. शेळ्या रानात सोडायच्या आधीचे दोन तास किंवा त्या परतल्यावरची संध्याकाळ, तीही वस्तीवरच. तीन दिवसांच्या निवासी वर्गापेक्षा दोन-दोन तासांच्या सहा बैठका बायकांना झेपतात. अख्खा वर्ग दोन दिवसांत उरकायचा असं निधी देणाऱ्याने बजावलं असेल तर त्याच्याशी आधीच बोलून घ्या. मेंढपाळांसाठी जुलै ते दिवाळी हाच काळ. पुढे वाडा हिंडत असताना फोनवर मराठीत आवाजी संदेश पाठवत राहा, लिखित चिठ्ठ्या कोणी वाचत नाही.

वर्षाची आखणी हंगामावरून करा. मे महिन्यात आंत्रविषार आणि गोठ्याची डागडुजी, पावसाळ्यात पापणी तपासणं आणि जंत, मका भरात असताना मुरघास, करडांचं सत्र तुमच्या गावातल्या वेतांच्या मोसमात. थंडीत पावसाळी रोगांवर बोललेलं मे येईपर्यंत विसरलं जातं.

शिकवणारा बाहेरून आणायचा झाला तर कोणत्या कामासाठी कोण, हे पाहा. पुण्यात मुख्यालय असलेलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८पासून आहे. रांजणी, महूद, दहिवडी, तीर्थ, पोहरा, बोंद्री अशा ठिकाणी त्याची प्रक्षेत्रं आहेत. जातिवंत नर पाहायला आणि कळपाचं व्यवस्थापन दाखवायला तिथे सहल न्या. रोगनिदान आणि जंतांसाठी माफसूची (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची) शिरवळ, परभणी, उदगीर इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं उपयोगी. संगमनेरी शेळीसाठी राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. उत्तर प्रदेशातल्या मखदूमची केंद्रीय शेळी संशोधन संस्था व्यावसायिक फार्म काढणाऱ्यांना चांगली, पण गावातल्या गटासाठी लांब आणि हिंदीत. सगळ्यांत प्रभावी शिक्षक मात्र शेजारच्या गावातला, ज्याची करडं जगतात असा पालक. त्याला मानधन द्या, चहापाण्यावर बोळवण करू नका.

एका बैठकीत वीसच्या वर माणसं नकोत. प्रत्येकाच्या हातात जनावर येईल एवढी जनावरं आणि वेळ ठेवा. ज्याने स्वतः नाळ बांधली नाही त्याचं नाव "प्रशिक्षित" यादीत लिहू नये.

सातवी पायरी: महिन्याने परत जा

शेवटच्या दिवशी "प्रशिक्षण कसं वाटलं" विचारलं की सगळे "छान" म्हणतात. तो कागद भरायचा असेल तर भरा. खरी तपासणी महिन्याने आणि सहा महिन्यांनी गोठ्यात होते. घरात आयोडीनची बाटली आहे का? शेवटच्या व्यालेल्या करडाला चीक किती वेळाने मिळाला? काटा कितीदा वापरला? कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकानुसार वहीत वेत आणि लस लिहिली आहे का? लिहिता येत नसेल तिथे शाळेतल्या पोराला वही द्या; शेळीचं नाव, विल्याची तारीख, करडं, लस आणि विक्री एवढे पाच रकाने त्याला सहज जमतात.

जिथे केलं नाही तिथे रागावू नका, चौथ्या पायरीवरचा प्रश्न पुन्हा विचारा. आयोडीन संपलं आणि तालुक्याला जाणं झालं नाही, असं उत्तर आलं तर गावातल्या किराणा दुकानात किंवा पशुसखीकडे बाटल्या ठेवायची सोय करा. "सासू नको म्हणाली" असं उत्तर आलं तर पुढच्या बैठकीला सासूला बोलवा. "विसरले" असं उत्तर आलं तर विल्याच्या दिवशी पशुसखीने स्वतः जाऊन उभं राहायला हवं.

मग पोळ्याला पुन्हा तोच हिशेब काढा, त्याच घरांत, त्याच प्रश्नांनी. मरतूक, वेताचं अंतर आणि विक्रीचं वय हे तीन आकडे मागच्या वर्षाशेजारी मांडा, आणि प्रशिक्षणाला न आलेल्या चार-पाच घरांचेही. पाऊसमान चांगलं झाल्यामुळे फरक पडला की शिकवल्यामुळे, याचा थोडा तरी अंदाज त्यावरून येतो. गुणांचा तक्ता नव्याने भरला की काही विषय खाली जातील आणि नवे वर येतील. करडं जगू लागली की चारा कमी पडायला लागतो, मग पुढच्या वर्षीचं पहिलं सत्र शेवरी-हादग्याच्या रोपांचं असेल. हिशेबाची वही पशुसखीकडेच राहू द्या आणि एक प्रत दवाखान्यात द्या. संस्थेचा प्रकल्प संपून कार्यकर्ता बदलला तरी आकडे गावात राहतात.